कंपोझ फाइलमध्ये फक्त ‘रेडिस:७’ लिहिलंय, आणि एसबीओएममध्ये एसएसपीएल दिसतंय. वाल्कीवर जायचं की रेडिस ८ वर?

अंधेरी_बॅकएंड (प्रश्न)

मंडळी, नीट सल्ला हवाय. रेडिस हा आमचा मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस, आणि वाल्की त्याच्याच कोडमधून निघालेला वेगळा प्रकल्प.

आमचं बॅक-ऑफिस सॉफ्टवेअर शेअर ब्रोकरांच्या स्वतःच्या सर्व्हरवर डॉकर कंपोझने चालतं. सेबीच्या ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षा चौकटीनुसार ब्रोकरला महत्त्वाच्या सॉफ्टवेअरचा एसबीओएम (आतल्या घटकांची यादी) ठेवावा लागतो आणि त्यात घटकांचे परवानेही लिहावे लागतात. एका क्लायंटच्या ऑडिटरने यादी बघून विचारलं की प्रस्तावात ‘सर्व घटक ओपन सोर्स’ असं लिहिलंय, मग रेडिसपुढे एसएसपीएल आणि आरएसएएल हे परवाने कसे काय?

कंपोझ फाइलमधली ती ओळ २०२३ पासून कोणी बदललेली नाही. इमेजपुढे ‘रेडिस:७’ एवढंच आहे. सर्व्हरला आवृत्ती विचारली तर ७.४ सांगतो.

डेटा साधारण ६ जीबी. त्यात सेशन, मार्जिनचे हॅश, एक स्ट्रीम आणि कॉन्ट्रॅक्ट नोट पाठवायची रांग. ही रांग हरवून चालणार नाही, कारण व्यवहारानंतर २४ तासांत नोट जायलाच हवी. सेशन गेले तर लोक पुन्हा लॉगिन करतील, ते सोसता येईल.

आरडीबी फाइलची (रेडिस डिस्कवर घेतो त्या डेटाच्या डंपची) प्रत वाल्की ८.१ ला दिली तर तो उठतच नाही. लॉगमध्ये येतं की आरडीबी फॉरमॅट आवृत्ती १२ हाताळता येत नाही. वाल्की रेडिसच्याच कोडमधून निघालाय, मग फाइल का वाचत नाही?

आणि आम्ही आजवर परवान्याचा भंग केला का?

---

माहीम_डीबीए

तुम्ही ओळ बदलली नाहीत, पण त्या ओळीचा अर्थ बदलला. ‘७’ हा टॅग तरंगता आहे. ७ च्या मालिकेतली सर्वांत नवी आवृत्ती जी असेल, ती तो देतो. जुलै २०२४ पर्यंत ती ७.२ होती, म्हणजे बीएसडी हा सैल ओपन सोर्स परवाना. ७.४ आल्यावर तोच टॅग तिकडे सरकला. २० मार्च २०२४ ला रेडिस कंपनीने जाहीर केलं होतं की ७.४ पासून परवाना आरएसएएलव्ही२ किंवा एसएसपीएलव्ही१. कोणीतरी नवा सर्व्हर उभा करताना किंवा नेहमीचं पुल (इमेज नव्याने उतरवणं) करताना ७.४ आत आलं. चालू कंटेनर आपोआप बदलत नाही, त्यामुळे काही क्लायंटांकडे अजून ७.२ असण्याची दाट शक्यता आहे. प्रत्येक ठिकाणी वेगळं तपासा, एकावरून सगळ्यांचा अंदाज बांधू नका.

तपासायला सर्व्हरची आवृत्ती पुरेशी नाही, फाइलही बघा. डंप फाइलचे पहिले ९ बाइट वाचा. इंग्रजी मोठ्या अक्षरांत रेडिस आणि त्यापुढे चार आकडे दिसतील. ००११ असेल तर ७.२ ची फाइल, वाल्की ती बिनतक्रार उघडतो. ००१२ असेल तर ७.४ ची. ७.४ मध्ये हॅशच्या आतल्या एकेका फील्डला मुदत लावायची सोय आली आणि ती साठवायला फॉरमॅट वाढवावा लागला. वाल्की ७.२.४ वरून फुटला, म्हणजे त्या बदलाच्या आधी. त्याला १२ ठाऊकच नाही. तुम्ही ते नवं वैशिष्ट्य वापरलं नसलं तरी फाइलच्या डोक्यावर १२ च लिहिलं जातं.

याच कारणाने वाल्कीला ७.४ चा रेप्लिका (मास्टरची थेट नक्कल ठेवणारा सर्व्हर) म्हणून जोडूनही भागणार नाही. पहिल्या पूर्ण सिंकमध्ये हीच आरडीबी वायरवरून जाते. डंप आणि रिस्टोअर या कमांडींनी एकेक नोंद नेणंही अडतं, कारण डंपच्या शेपटीला दोन बाइटांत हाच आवृत्ती क्रमांक असतो आणि रिस्टोअर तो तपासतो. मायग्रेट ही कमांड आतून तेच करते.

ज्या क्लायंटांकडे ७.२ आहे तिथे मात्र काम सोपं आहे. वाल्की ८.१ रेप्लिका म्हणून लावा, मास्टरशी दुवा ‘अप’ दिसू दे, दोन्हीकडचा ऑफसेट (किती डेटा पोचला तो आकडा) जुळला की ॲप थांबवा, ‘रेप्लिकाऑफ नो वन’ द्या आणि ॲपचा पत्ता वळवा. एकच काळजी घ्या. रेप्लिकाच्या आउटपुट बफरची मूळ मर्यादा २५६ एमबी असते. सिंक चालू असताना लिखाण जोरात असेल तर ती ओलांडते, जोडणी तुटते, सिंक पहिल्यापासून सुरू होतो आणि हे चक्र चालूच राहतं. बाजार चालू असताना हे करायला जाऊ नका.

---

परवाना_आधी_वाचा

भंगाचा प्रश्न आधी मिटवते.

आरएसएएलव्ही२ मुख्यतः रेडिसच दुसऱ्याला सेवा म्हणून विकायला मना करतो. तुमचा ब्रोकर रेडिस विकत घेत नाही, कॉन्ट्रॅक्ट नोटचं सॉफ्टवेअर घेतो, रेडिस त्याच्या पोटात आहे. दोन परवान्यांपैकी एक निवडायची मुभा आहे, तेव्हा तुम्ही आरएसएएलखाली वापरलंत असं म्हणता येतं. परवान्याच्या नोटिसा इमेजसोबत गेल्या पाहिजेत, त्या काढून टाकल्या नसतील तर घाबरायचं कारण नाही.

पण ऑडिटर जे बोलला ते खरं आहे. दोन्हींपैकी एकही ओपन सोर्स परवाना नाही. एसएसपीएल मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये आणला, मान्यतेसाठी ओपन सोर्स इनिशिएटिव्हकडे पाठवला आणि २०१९ मध्ये स्वतःच मागे घेतला. २०२१ मध्ये इनिशिएटिव्हने जाहीरच केलं की हा ओपन सोर्स नाही. म्हणून प्रस्तावातलं तुमचं वाक्य आज चुकीचं आहे. ते लेखी दुरुस्त करा. ऑडिटरशी वाद घालू नका, बदलाची तारीख कळवा.

आता रेडिस ८. मे २०२५ पासून त्याला तिसरा पर्याय मिळाला, एजीपीएलव्ही३. हा मान्यताप्राप्त ओपन सोर्स परवाना आहे. रेडिस ८ घेतलं तर एसबीओएममध्ये ‘एजीपीएलव्ही३ निवडला’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर स्कॅनर तिन्ही नावं ओकेल आणि हीच चर्चा पुन्हा होईल.

एजीपीएलबद्दल मुंबईतल्या कंपन्यांत एक गैरसमज फार पसरलाय, की तो लावला की आपला सगळा कोड उघडा करावा लागतो. तसं नाही. त्याचं १३ वं कलम *बदललेल्या* प्रोग्रामबद्दल आहे. तुम्ही रेडिसमध्येच बदल करून तो नेटवर्कवरून वापरायला दिलात, तर त्या बदललेल्या रेडिसचा सोर्स द्यावा लागतो. तुमचं ॲप रेडिसशी सॉकेटवरून बोलतं, तो वेगळा प्रोग्राम आहे. रेडिसच्या क्लायंट लायब्ररीही पूर्वीसारख्याच, बहुतेक एमआयटी परवान्याच्या आहेत.

तरीही मी तुम्हाला वाल्कीच सुचवेन, आणि कारण कायद्याचं नाही, व्यवहाराचं आहे. बँका आणि ब्रोकर यांच्या विधी विभागांकडे ‘एजीपीएल चालणार नाही’ असा एका ओळीचा नियम असतो. गूगलनेही आपल्या आतल्या वापरासाठी तसाच नियम जाहीरपणे लिहून ठेवलाय. बीकेसीतल्या दहा क्लायंटांच्या दहा वकिलांना १३ वं कलम समजावत बसण्यापेक्षा बीएसडी लिहिलेली एक ओळ पुढे करणं स्वस्त पडतं.

---

डोंबिवली_रूट

७.४ वरून वाल्कीवर जायची वाट आहे, आणि तीही कुठलंही नवं टूल न वापरता. आरडीबी बाजूला ठेवा आणि एओएफ (लिखाणाच्या कमांडी नोंदवणारी फाइल) साध्या कमांडच्या रूपात लिहून घ्या. कमांडला फॉरमॅट आवृत्ती नसते.

एओएफची फाइल हल्ली सुरुवातीला आरडीबीच लिहिते आणि मग पुढच्या कमांडी. ती सुरुवात बंद करता येते, सर्व्हर चालू असतानाच. आधी मॉड्यूलची (जोड-सुविधांची) यादी मागवा. जेसन, सर्च, ब्लूम यांपैकी काही लोड केलेलं असेल तर थांबा आणि इथे लिहा, कारण मग गणित वेगळं होतं. नसेल तर पुढे.

पहिला प्रयोग प्रतीवर. डंप फाइलची प्रत घ्या आणि दुसऱ्या पोर्टवर ७.४ त्या प्रतीवर उठवा. इथे सर्वांत जास्त लोक फसतात. कॉन्फिगमध्ये ‘अपेंडओन्ली यस’ (एओएफ चालू) ठेवून उठवलं आणि एओएफचा फोल्डर अस्तित्वात नसला, तर रेडिस ७ आरडीबीकडे बघतही नाही. सर्व्हर *रिकामा* उठतो, आणि बंद होताना ती रिकामी अवस्था डंप फाइलवर लिहूनही टाकू शकतो. म्हणून उठवताना ‘नो’ ठेवा, किल्ल्यांची (‘की’, म्हणजे नोंदींची) संख्या बघा, आणि मग चालू सर्व्हरवर या क्रमाने:

– कॉन्फिग सेट, एओएफ-यूज-आरडीबी-प्रीअँबल, नो
– कॉन्फिग सेट, अपेंडओन्ली, यस

दुसरी ओळ दिली की फाइल लिहायचं काम आपोआप सुरू होतं. ‘इन्फो पर्सिस्टन्स’मध्ये एओएफ रीराइट चालू असल्याचा आकडा ० होऊ दे आणि शेवटच्या रीराइटची स्थिती ‘ओके’ दिसू दे. फाइल दाबलेली नसते, त्यामुळे डंपपेक्षा बरीच मोठी होते. तुमच्या ६ जीबीसाठी १५ ते २० जीबी मोकळी डिस्क ठेवा. लिहिताना फोर्क होतो, म्हणजे प्रोसेसची दुसरी प्रत निघते, म्हणून मेमरीतही जागा हवी. मशीनवर कर्नलचं ओव्हरकमिट १ वर नसेल तर फोर्कच नाकारला जाऊ शकतो.

अपेंडओन्लीच्या फोल्डरमध्ये तीन प्रकारच्या फाइली दिसतील. बेस, इन्क्रिमेंटल आणि मॅनिफेस्ट. बेस फाइलची पहिली काही अक्षरं बघा. चांदणीचं चिन्ह आणि त्यापुढे आकडा असेल तर काम झालं. पुन्हा ‘रेडिस’ अशी अक्षरं दिसली तर प्रीअँबल बंद झालेलं नाही, पहिली ओळ परत द्या आणि रीराइट पुन्हा करा.

मग वाल्की ८.१ रिकाम्या, *नव्या* व्हॉल्यूमवर उठवा आणि बेस फाइल वाल्कीच्या सीएलआयला ‘पाइप’ पर्यायाने पाजा. शेवटी एक ओळ येते, त्यात चुका किती आणि उत्तरं किती ते लिहिलेलं असतं. चुका ० हव्यात. रेडिसकडे लिखाण पूर्ण थांबलेलं नसेल तर बेसनंतर इन्क्रिमेंटलही पाजावी लागते, मॅनिफेस्टमधल्याच क्रमाने. लिखाण थांबवूनच करा, हा त्रास नको.

चुका ० आल्या म्हणजे सगळं आलं असं समजू नका. कमाल मेमरीची मर्यादा कमी असेल आणि हकालपट्टीचं धोरण ‘ऑलकीज-एलआरयू’ असेल, तर वाल्की भरता भरता जुन्या किल्ल्या गुपचूप काढत जातो आणि तरीही चुका ० च दाखवतो. भरताना धोरण ‘नोइव्हिक्शन’ ठेवा, म्हणजे जागा संपली तर तो ओरडेल.

यानंतर जुळवणी. दोन्हीकडे डीबीसाइझ बघा. मुदत संपलेल्या किल्ल्यांमुळे थोडा फरक येईल, तो चालेल. कॉन्ट्रॅक्ट नोटच्या रांगेची लांबी मात्र आकड्याला आकडा जुळली पाहिजे. स्ट्रीमच्या ग्रुपमधली प्रलंबित संख्या पण तशीच. किल्ल्यांच्या मुदती ठरावीक वेळेच्या स्वरूपात लिहिल्या जातात, त्यामुळे कामाला तास लागला तरी कोणाची मुदत वाढत नाही.

दोन गोष्टी या फाइलीत येत नाहीत. एसीएलचे (कोणाला काय चालवता येईल ते ठरवणारे) युजर आणि लुआ स्क्रिप्टचा कॅश. एसीएल हाताने न्या. तुमच्या कोडमध्ये कुठे ‘इव्हलशा’ (कॅशमधली स्क्रिप्ट चालवायची कमांड) थेट वापरलं असेल आणि ‘नोस्क्रिप्ट’ आल्यावर स्क्रिप्ट पुन्हा पाठवायची सोय नसेल, तर सोमवारी सकाळी ९ वाजता ते कळेल. आधीच शोधून ठेवा.

कंपोझमध्ये सर्व्हिसचं नाव ‘रेडिस’च राहू द्या, म्हणजे ॲपमधला पत्ता बदलावा लागत नाही. हेल्थचेकमध्ये मात्र वाल्कीचं सीएलआय लिहा. वाल्की ‘इन्फो’मध्ये स्वतःची आवृत्ती वेगळी सांगतो आणि रेडिसची म्हणून ७.२.४ सांगतो, त्यामुळे किमान आवृत्ती तपासणाऱ्या रांगेच्या लायब्ररी अडत नाहीत.

परत फिरायचं असेल तर जुना व्हॉल्यूम हात न लावता ठेवलेला आहेच. वाल्की ८.१ अजून ००११ लिहितो, ती फाइल रेडिस ७.४ उघडतो. वाल्की ९ चं तसं नाही, त्याने स्वतःचा फॉरमॅट घेतलाय, त्याच्या आरडीबीने मागे यायची वाट बंद.

---

खारघर_सर्व्हर

प्रक्रिया छान लिहिलीत, पण एक बाजू राहतेय. रेडिस कंपनीने वर्षानुवर्षं माणसं पोसली आणि मोठ्या क्लाउडवाल्यांनी तेच सेवा म्हणून विकून पैसा केला. कंपनीने दार लावलं यात चूक काय? आणि आता एजीपीएल देऊन उघडलंय. मूळ लेखक साल्वातोरे सान्फिलिप्पोही २०२४ च्या शेवटी परत आलेत. मग वाल्कीसारख्या फुटून निघालेल्या प्रकल्पावर का जायचं?

---

परवाना_आधी_वाचा

तुमचा मुद्दा मी मनापासून मान्य करते. पैसा कुठून येणार हा प्रश्न खराच आहे, आणि फुकट वापरणाऱ्यांत आपणही आहोत. सान्फिलिप्पो परतले हेही रेडिससाठी चांगलंच झालं.

पण पाच वर्षं चालणारं सॉफ्टवेअर क्लायंटकडे बसवणाऱ्याने एक गोष्ट परवान्याच्याही आधी बघावी. पुढच्या आवृत्तीचा परवाना बदलायचं कोणा *एकाच्या* हातात आहे का? रेडिसचं नाव आणि प्रकल्पाचा ताबा एका कंपनीकडे होता आणि बीएसडीने वाट मोकळी ठेवली होती, म्हणून एका सकाळी बदल झाला. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये आपलं टेराफॉर्म हे टूल बीएसएल या ओपन सोर्स नसलेल्या परवान्यावर नेलं, इलॅस्टिकने २०२१ मध्ये ७.११ पासून अपाचे परवाना सोडला. या दोघांकडे योगदानकर्त्यांची सही घेतलेला करार होता, सगळे हक्क एका जागी जमले होते. पोस्टग्रेसचा परवाना तर बीएसडीसारखाच सैल आहे, पण त्याच्यावर कोणा एका कंपनीचा ताबा नाही. लिनक्स कर्नलमध्ये हजारो लोकांचे कॉपीराइट आहेत, सगळ्यांची संमती घेणं अशक्य. वाल्की मार्च २०२४ मध्ये लिनक्स फाउंडेशनखाली सुरू झाला तेव्हाच मागे ॲमेझॉन, गूगल, ओरॅकल, एरिक्सन, स्नॅप अशा अनेक कंपन्या होत्या, आणि तिथे कोड देताना हक्क लिहून द्यावे लागत नाहीत.

एजीपीएल उद्या काढला जाईल असं मी म्हणत नाही. पण तो ठेवायचा की नाही हे आजही एकच कंपनी ठरवते, आणि माझा आक्षेप तेवढाच आहे.

अंधेरीवाल्यांना आणखी एक: याच नजरेने बाकीची कंपोझ फाइल बघा. मोंगो, इलॅस्टिक, ग्राफाना यांचे टॅग कसे लिहिलेत? ग्राफाना २०२१ पासून एजीपीएल आहे. टेराफॉर्म वापरत असाल तर १.५ च्या मालिकेनंतर बीएसएल सुरू होतं.

---

माहीम_डीबीए

एक भर, कारण काही जण हे वाचून ‘मग ७.२ वरच गोठून राहू’ म्हणतील. तसं करू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये लुआमधली सीव्हीई-२०२५-४९८४४ ही सुरक्षा त्रुटी बाहेर आली, तीव्रता १० पैकी १०. लॉगिन असलेला माणूस खास स्क्रिप्ट पाठवून सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकतो. रेडिसमध्ये ७.२.११, ७.४.६, ८.०.४ आणि ८.२.२ मध्ये दुरुस्त झाली, वाल्कीत ७.२.११, ८.०.६ आणि ८.१.४ मध्ये. त्याखालचं काही चालू असेल तर स्थलांतराची वाट न बघता आज अपडेट करा. तोवर एसीएलने इव्हल आणि इव्हलशा बंद ठेवा, ॲपला लागत नसतील तर.

टॅग पूर्ण तीन आकड्यांचा लिहा आणि पुढे इमेजचा शा२५६ डायजेस्ट (त्या नेमक्या इमेजचा ठसा) जोडा. डायजेस्ट लावला की सुरक्षा अपडेटही आपोआप येत नाहीत, तेव्हा ते कोण बघणार हे नावानिशी ठरवा.

---

अंधेरी_बॅकएंड

सगळ्यांचे आभार. प्रतीवर करून बघितलं. बेस फाइल १३ जीबी झाली. पाइपमध्ये मात्र ४१ चुका आल्या, सगळ्या एकाच कमांडच्या: ‘एचपीएक्स्पायरॲट’ माहीत नाही म्हणतो. रांग आणि स्ट्रीम जुळले.

आणि कटओव्हर (प्रत्यक्ष वाल्कीवर वळणं) शनिवारी करावा की रविवारी?

---

डोंबिवली_रूट

म्हणजे तुमच्या कोडमध्ये कुठेतरी हॅशच्या फील्डला मुदत लावलेली आहे, ७.४ चं तेच वैशिष्ट्य. ‘इन्फो कमांडस्टॅट्स’मध्ये ‘एचएक्स्पायर’ शोधा. आकडे सर्व्हर सुरू झाल्यापासूनचे असतात, त्यामुळे नुकत्याच रीस्टार्ट केलेल्या सर्व्हरवर ते दिसले नाहीत तर कोडमध्येच शोधा. फक्त ४१ आहेत म्हणजे बहुधा ओटीपीचे चुकलेले प्रयत्न किंवा तसलं काही अल्पायुषी असेल.

त्या ४१ फील्ड वाल्कीत *बिनमुदतीच्या* जाऊन बसल्यात, कारण एचसेट झालं आणि मुदतीची कमांड नाकारली गेली. ओटीपीचे प्रयत्न असतील तर तो ग्राहक कायमचा लॉक होईल. ॲप बंद केल्यावर सर्वांत लांब मुदतीइतकं थांबा, फील्ड आपोआप गळतील, मग रीराइट घ्या. पण ॲप सुरू झालं की तीच कमांड पुन्हा पाठवणार, आणि ८.१ पुन्हा नाही म्हणणार. तेव्हा दोनच मार्ग. वाल्की ९ घ्या, त्यात ही कमांड आहे, पण आरडीबीने मागे यायची वाट जाते. किंवा त्या एका जागी हॅश सोडून प्रत्येक ग्राहकाची वेगळी किल्ली करा आणि सेटसोबतच मुदत द्या. मी दुसरा घेईन. दहा-बारा ओळींचं काम असेल, आणि ते आधी ७.४ वरच सोडून आठवडाभर चालवता येतं.

वाराचं म्हणाल तर शनिवारी एक्स्चेंजचं मॉक ट्रेडिंग आहे का ते सर्क्युलरमध्ये बघा. असेल तर मॉक संपल्यावर. शुक्रवारी रात्री करायचा मोह होतो, पण क्लायंट एमसीएक्सवर (कमोडिटी एक्स्चेंजवर) असेल तर तिथला बाजार रात्री साडेअकरापर्यंत, हिवाळ्यात ११.५५ पर्यंत चालतो, आणि त्या नोटा मागाहून रांगेत येत राहतात. रविवारी करणार असाल तर ज्याला सर्व्हर रूममध्ये बसायचंय त्याने कुठल्या लाइनला मेगाब्लॉक आहे ते शनिवारीच बघून ठेवावं. आणि पाइप चालवायच्या आधी रांगेची लांबी कागदावर लिहून घ्या, टर्मिनलच्या भरवशावर राहू नका.